किल्ल्याखालून जाणारी गाडी

९ नोव्हेंबर २०२३, वसुबारस, संध्याकाळचे सव्वासात. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये साठेक माणसं दाटीवाटीने उभी होती. चेअरमनसाहेबांनी नारळ फोडला, एका सात वर्षांच्या मुलीने रिमोटचं बटण दाबलं आणि लेगोच्या प्लास्टिकच्या ब्रिकची गाडी ब्रिकच्याच शहरातल्या स्टेशनातून सुटली. मंडई गेली, चाळ गेली, नदीकाठ गेला. टाळ्या पडल्या. गाडी मागच्या भिंतीलगतच्या मातीच्या किल्ल्याखाली, बोगद्यात शिरली आणि बाहेर आलीच नाही. आतून मोटरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"काकू, गाडी किल्ल्यात अडकली," कुणीतरी मला सांगितलं. जणू मला दिसत नव्हतं.

या शहराचा नकाशा मी काढला होता. आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढून पोट भरते, म्हणून काम माझ्याकडे आलं होतं. पुढे जे लिहिते आहे ती त्या नकाशातल्या चुकांची आणि एका रात्रीतल्या दुरुस्तीची हकिगत आहे. ज्यांना असं मोठं शहर मांडायचं असेल त्यांना हे आकडे उपयोगी पडतील.

मुळात ब्रिकचं शहर करायचं कुणाच्या मनात नव्हतं. दरवर्षी मुलं बागेत किल्ला करतात: विटा, दगड, मातीत बुडवलेलं गोणपाट, वर मोहरी-अळीव पेरायचे, गडावर महाराज आणि उतारावर मावळे. त्या वर्षी बागेत नवे पेव्हर ब्लॉक बसवले होते आणि खालून ठिबकच्या नळ्या गेल्या होत्या. कमिटीने खणायला बंदी घातली. दसऱ्यानंतरच्या मीटिंगमध्ये मुलं तोंडं पाडून बसलेली पाहून कुणीतरी म्हणालं, एवढे लेगोचे डबे घरोघरी पडलेत, क्लब हाऊसमध्ये शहर करा. लगेच दुसरं कुणी म्हणालं, मग किल्लाही तिथेच करू, टेबलावर. आणि तिसऱ्याने सुचवलं की गाडी किल्ल्याखालून जाऊ दे. तिन्ही सूचना टाळ्यांच्या गजरात मंजूर झाल्या. तिसरी सूचना माझी होती, हे इथेच कबूल केलेलं बरं.

कच्चा माल असा: अकरा घरांतून आलेले तयार सेट, त्यांत तीन गाड्या, चार मोठ्या इमारती, पोलीस चौक्या गरजेपेक्षा फारच जास्त, आणि दोन घरांनी दिलेले सुट्या ब्रिकचे डबे. नवीन घ्यायचं म्हटलं तर खिसा रिकामा होतो. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के झालं. त्यामुळे पैसे खर्च केले ते फक्त सरळ रुळांच्या २० तुकड्यांवर आणि प्लायवर. डब्यांत इतर कंपन्यांचे ब्रिकही होते. दिसायला तेच, पण पकडीला ढिले. असे ब्रिक आम्ही छपरावर आणि कुंपणात वापरले, भार घेणाऱ्या भिंतीत एकही नाही.

आता आकडे. ब्रिकवरच्या गोल उंचवट्याला आमची मुलं 'डॉट' म्हणतात, मीही तेच म्हणते. एका डॉटच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर. घर ज्यावर बसतं ती मोठी चौकोनी प्लेट ३२ डॉटची, म्हणजे २५.६ सेंटीमीटर. क्लब हाऊसची घडीची टेबलं १८३ बाय ७६ सेंटीमीटर. रुंदीत तीन प्लेट ठेवल्या की ७६.८ होतात, म्हणजे बरोब्बर एक डॉट टेबलाबाहेर लटकतो. मला हे इतकं आवडलं की मी नकाशाच त्यावर उभारला: टेबलांच्या दोन रांगा पाठीला पाठ लावून, प्रत्येक रांगेत तीन टेबलं. ५४९ सेंटीमीटर लांब, १५२ रुंद, आणि मागची बाजू भिंतीला टेकवलेली, म्हणजे लोकांना पुढे फिरायला जागा राहील. कागदावर फार देखणं दिसत होतं.

रुळांचं गणित वेगळं आहे. वळणाचा एक तुकडा २२.५ अंशांचा, त्रिज्या रुळाच्या मध्यापर्यंत ४० डॉट. सोळा तुकड्यांचा पूर्ण गोल होतो आणि बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ८८ डॉट भरतात, म्हणजे ७०.४ सेंटीमीटर. सरळ तुकडा १६ डॉटचा. गाडीच्या प्रत्येक सेटमध्ये वळणं सोळा आणि सरळ फक्त चार आली होती. तीन सेटचे मिळून वळणाचे ४८, सरळ १२, अधिक विकत घेतलेले २०. म्हणजे ३२ सरळ रूळ, आणि गोल पुरा करून उरलेली ३२ वळणं.

टेबलांच्या दोन्ही रांगांना वळसा घालायचा तर ३२ सरळ रूळ कुठेच पुरत नाहीत. मग मी उरलेली वळणं एक डावं, एक उजवं अशी जोडून लाइन नागमोडी केली आणि तिला 'नदीकाठची लाइन' असं गोंडस नाव दिलं. अशा एका जोडीने गाडी ३०.६ डॉट पुढे सरकते आणि ६.१ डॉट बाजूला. हे दशांश नीट वाचा, कारण सगळा घोटाळा तिथे आहे. पूर्णांकात नसलेलं काहीही डॉटवर बसत नाही. नागमोडी लाइनचे रूळ प्लेटला अडकत नाहीत, नुसते वर ठेवलेले असतात. मला हे माहीत होतं. पाच दिवसांचा तर प्रश्न आहे, असं म्हणून मी सोडून दिलं.

इमारतींबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. सेटमधल्या मोठ्या इमारती २००७ पासून एकाच मापाच्या येतात, बहुतेक ३२ डॉट रुंदीच्या, आणि बाजूच्या भोकांतून पिन घालून एकमेकींना जोडता येतात. त्यांची रांग लावायला अर्धा तास पुरला. पण ते शहर परक्या देशातलं दिसत होतं. कॅफे, बुटीक, डिटेक्टिव्हचं ऑफिस. आमच्या 'बी' विंगमधले काका, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, रोज संध्याकाळी येऊन बघायचे. त्यांनी विचारलं, "यात राहतं कोण?"

त्या प्रश्नातून चाळ आली. ती सगळी सुट्या ब्रिकची आणि सगळी मुलांची. नववीतल्या दोन मुलींनी एका प्लेटवर खोल्या आखल्या. खोली ८ डॉट रुंद, म्हणजे मजल्यावर चार. पुढे ४ डॉटची सामाईक गॅलरी. दाराची चौकट सहा ब्रिक उंच असते, म्हणून मजला सहा ब्रिक आणि वर एक प्लेट. असे तीन मजले. पहिल्या दिवशी गॅलरी तीन डॉटची केली होती, पण दोन बाहुल्या समोरासमोर आल्या की एकीला खोलीत शिरावं लागायचं. काका म्हणाले, चाळीत असंच असतं. मुलींना ते पटलं नाही, एक डॉट वाढवला. शिवणाच्या दोऱ्याची वाळत घालायची दोरी, त्यावर रंगीत कागदाच्या चिकटपट्टीचे कपडे. तळमजल्यावर पिठाची गिरणी. जिना बाहेरून, कारण आत घातला तर मागची खोली जाते. तळाच्या पायरीवर बाहुलीच्या हातातला कप काढून ठेवला होता, दुधाची पिशवी यायची वाट बघत. संपूर्ण शहरात लोक सर्वांत जास्त वेळ थांबले ते या चाळीपाशी.

काकांना लोकल हवी होती. मी हिशेब करून दाखवला. लेगोची ही छोटी बाहुली १९७८ साली आली तेव्हापासून चार सेंटीमीटरच्या आसपास उंचीची आहे. त्या प्रमाणात सगळं मोजलं तर बेचाळिसास एक असं काहीतरी माप निघतं. लोकलचा डबा सुमारे २० मीटर लांब, म्हणजे इथे ४८ सेंटीमीटर. बारा डब्यांची गाडी पावणेसहा मीटर होते आणि आमची तीन टेबलं मिळून साडेपाच. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "स्लो लोकल करा, तीन डब्यांची."

तर वसुबारशीला ती तीन डब्यांची गाडी किल्ल्याखाली अडकली.

पहिला प्रश्न: तिला बाहेर कशी काढायची? पुढच्या कडेपासून बोगद्याचं तोंड सव्वा मीटर लांब. उभ्या माणसाचा हात, पोट टेबलाला टेकवून, ओणवं होऊन, जेमतेम पाऊण मीटर पोचतो. मागे भिंत. शेवटी एका सडपातळ मुलाला टेबलांखालून रांगत पाठवलं. त्याने भिंत आणि टेबल यांच्या फटीतून हात घातला आणि किल्ल्याच्या मागच्या बाजूचं गोणपाट फाडून गाडी ओढली. इंजिन एकटं आलं. डबे एकमेकांना चुंबकाने जोडलेले असतात, ओढ लागली की सुटतात. वरून माती पडली ती वेगळी. महाराजांचं सिंहासन कललं. हे सगळं साठ लोकांसमोर चाललं होतं आणि चेअरमनसाहेबांच्या हातात अजून नारळाची अर्धी कवड होती.

दोष कुणाचा, यावर लगेच मतं आली. माती रुळावर पडली. बॅटऱ्या उतरल्या. दुसऱ्याच कुणाच्या मोबाइलवरून गाडी चालवली गेली. हा शेवटचा संशय अगदीच हवेतला नव्हता. आदल्या दिवशी रंगीत तालमीच्या वेळी एका चौथीतल्या गृहस्थांनी अॅपवरून गाडीचा ताबा घेऊन ती उलटी पळवली होती. बॅटऱ्यांवरही शंका घ्यायला जागा होती. गाडीच्या पोटात सहा पेन्सिल सेल बसतात, आम्ही चार्जिंगचे घातले होते. साध्या सेलचे मिळून नऊ व्होल्ट, चार्जिंगच्यांचे सव्वासात. गाडी थोडी मंद धावते, एवढंच. मंद गाडी रुळावरून उतरत नाही.

लोक गेल्यावर काकांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "वहिनी, तुमच्याकडे दोरा आहे का? गवंड्याचा असेल तर उत्तम."

त्यांनी काय केलं ते सविस्तर सांगते, कारण मी त्या रात्रीत सर्वांत जास्त तेवढंच शिकले. आधी किल्ल्याचा पुढचा भाग उचलून बोगदा उघडा केला. मग फक्त इंजिन हाताने ढकललं, मोटर बंद ठेवून, कान रुळाला लावून. प्रत्येक सांध्यावर 'टक' वाजतं. दोन ठिकाणी 'टक' ऐवजी 'टॅक-क' असं जोड वाजलं, तिथे खडूने खूण केली. इंजिन पार गेलं. मग एक डबा जोडून, मग दोन, मग तीन. तिसरा डबा दुसऱ्या खुणेवर उतरला. डब्यांची अदलाबदल केली. पुन्हा जो शेवटी होता तोच उतरला. म्हणजे डब्यात दोष नाही. "इंजिन गेलं म्हणजे रूळ ठीक आहे असं कधी समजू नका," काका म्हणाले. "इंजिन जड असतं, ते रूळ दाबत जातं. हलका डबा खरं बोलतो."

मग दोरा. मागच्या रांगेतल्या मधल्या टेबलावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणला आणि मध्ये पट्टी उभी धरली. टेबल मध्यावर ११ मिलिमीटर खाली गेलं होतं. ही टेबलं मध्ये दुमडतात आणि बिजागरीच्या बरोबर वर आमचा किल्ला होता. तीन घमेली ओली माती, खाली विटा, सगळं मिळून पन्नास किलोच्या आसपास. तीन दिवसांपूर्वी, कोरडं असताना, मी लेव्हल बघितली होती. तेव्हा टेबल सरळ होतं. त्यानंतर मुलांनी मोहरी पेरली आणि रोज दोन वेळा पाणी घातलं.

टेबल वाकलं, पण रूळ वाकले नाहीत. ते खड्ड्यावर पुलासारखे तरंगत राहिले. इंजिन आलं की दबत, गेलं की उसळत, आणि त्या हिसक्यात सांधा बाजूला सरकत होता. सरळ लाइन असती तर रूळ डॉटवर अडकलेले असते, सांधा हललाच नसता. नेमकी तिथे नागमोडी लाइन होती. ३०.६ मधले ते ०.६, अकरा मिलिमीटर झोळ आणि हात न पोचणारी जागा, तिन्ही एकाच फूटभर जागेत आणून ठेवायला खास नकाशाकारच लागतो.

रात्री अकरा वाजता दोन पर्याय होते. किल्ल्याखाली लाकडी टेकू लावायचा, झोळ काढायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. किंवा सगळं मोडून पुन्हा मांडायचं. मुलांना पहिला हवा होता, मलाही. काका एवढंच म्हणाले की आत पुन्हा काही बिघडलं तर हात कसा घालणार? त्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

शुक्रवारी धनत्रयोदशी. दुपारी सुतार आला. त्याने आठ बाय चारच्या दोन प्लाय शीटमधून टेबलाच्या रुंदीच्या पट्ट्या कापल्या. त्या पुढच्या रांगेवर सलग टाकल्या, म्हणजे बिजागऱ्या आणि टेबलांचे सांधे प्लायखाली गेले. कडेला एक इंची बीडिंग पट्टी ठोकली. ७६ सेंटीमीटरच्या टेबलावर ७०.४ चा गोल बसवला की रूळ कडेपासून तीन सेंटीमीटरवर येतो. तिथून गाडी सुटली तर थेट फरशीवर पडून खोक्यातून निघाले होते तेवढे तिचे तुकडे होतात.

हो, गोल एकाच टेबलाच्या रुंदीत बसतो. पहिल्या दिवशी तीच आकडेमोड माझ्यासमोर होती, पण मला १५२ सेंटीमीटर रुंद शहर हवं होतं. आता ३२ सरळ रूळ, सोळा-सोळा दोन्ही बाजूंना, आणि टोकांना आठ-आठ वळणं. लांबी ३४४ डॉट, म्हणजे पावणेतीन मीटर. एकही नागमोड नाही, प्रत्येक रूळ प्लेटवर अडकलेला. उरलेली ३२ वळणं डब्यात गेली. लंबगोलाच्या आत ७२ डॉट रुंद जागा उरते, त्यात ३२ डॉटची इमारतींची रांग आणि ३२ डॉटचा रस्ता, वर आठ डॉट झाडांना. चाळ, मंडई आणि वडापावची गाडी लाइनच्या बाहेर, शेवटच्या दीड टेबलावर. गाडी अर्ध्याच शहराला वळसा घालते याबद्दल थोडी कुरकुर झाली.

पुढची रांग मागच्या रांगेपासून अडीच फूट पुढे ओढली आणि किल्ला मागच्या रांगेवरच, बिजागरी सोडून, पायांच्या बरोबर वर हलवला. मोकळा, बोगद्याशिवाय. किल्ला हलवणं सर्वांत अवघड काम होतं, कारण मोहरी नुकतीच उगवली होती आणि मुलं एक रोप मोडू द्यायला तयार नव्हती. चार बापांनी प्लायच्या तुकड्यावर तो वरातीसारखा नेला.

दोन रांगांच्या मधल्या त्या बोळाला मुलांनी पाटी लावली: 'फक्त रेल्वे कर्मचारी'. माझ्या पहिल्या नकाशात त्या जागी काहीच नव्हतं आणि दुसऱ्यात सर्वांत जास्त वर्दळ तिथेच झाली. कोण आत जाणार यावरून पाळ्या लागल्या, वेळापत्रक भिंतीवर चिकटलं, एका सहावीतल्या मुलाने हिरवा-लाल झेंडा शिवून आणला.

शनिवारी संध्याकाळी पुन्हा उद्घाटन. नारळ फोडला नाही, एक झाला होता. गाडी भाऊबीजेपर्यंत रोज तीन तास धावली आणि मी मोजलं त्याप्रमाणे सात वेळा उतरली. त्यातल्या पाच वेळा कुणीतरी वेग पूर्ण वाढवला होता. प्रत्येक वेळी बोळातल्या कर्मचाऱ्याने अर्ध्या मिनिटात गाडी रुळावर ठेवली.

त्या दिवसांत एका संध्याकाळी काकांना मी सांगितलं की हे खेळणं मोठं झालं तेच शहरापासून. डेन्मार्कच्या बिलुंड गावात १९५५ साली कंपनीने रस्ते छापलेला नकाशा आणि त्यावर मांडायची घरं-गाड्या काढल्या, तेव्हा ब्रिकच्या पोटातल्या नळ्याही नव्हत्या. त्या १९५८ च्या पेटंटमध्ये आल्या आणि मगच घरं उचलली तरी न मोडणारी झाली. काका म्हणाले, "म्हणजे आधी नगररचना केली आणि मजबुती नंतर आली." आणि माझ्याकडे बघून हसले. मी विषय बदलला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मोडामोड. तयार सेट ज्याचे त्याच्या घरी गेले, त्यावर आम्ही आधीच नावं लिहिलेले कागद अडकवले होते. सुट्या ब्रिकचा वाद मात्र होणारच होता. म्हणून पहिल्याच दिवशी दोन्ही डबे रद्दीवाल्याच्या काट्यावर एकत्र तोलून घेतले होते: ६ किलो ४०० ग्रॅम. परत भरले तेव्हा ६ किलो १००. आठ डॉटचा ब्रिक साधारण २.३ ग्रॅमचा असतो, म्हणजे सव्वाशेच्या वर ब्रिक गायब. टेबलांखाली, गालिच्यात, झाडूच्या सुपलीत शोधलं, वीसेक सापडले. चाळ करणाऱ्या मुलींवर थोडा संशय आला, त्यांनी दप्तरं उघडून दाखवली. मला लाज वाटली.

किल्ल्याची माती बागेत परत टाकली होती, जास्वंदीच्या वाफ्यात. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर माळीकाका ओंजळ पुढे करून दारात उभे राहिले. ओंजळीत लाल आणि पांढरे ब्रिक, मोहरीची सुकलेली मुळं गुंडाळलेली. मग धाकट्या पोरांपैकी एकाने सांगून टाकलं: किल्ला खचू नये म्हणून त्यांनी आम्हा मोठ्यांच्या नकळत आत ब्रिकच्या भिंती घातल्या होत्या, गोणपाटाच्या खाली, बुरुजाच्या पोटात. माळीकाकांचा आकडा आत्तापर्यंत ४१ वर पोचला आहे.